शेपिंग आणि पोलिसिंग: नेटवर्कचा वेग कसा बांधावा

करार २० एमबीपीएसचा, पण पोर्ट १०० एमबीपीएसचा, ही नेहमीची परिस्थिती. राउटर पोर्टच्या वेगाने पॅकेट सोडतो आणि पलीकडे सेवा पुरवणाऱ्याचा पोलिसर, म्हणजे वेगमर्यादेवर पहारा ठेवणारी यंत्रणा, २०च्या वरचं टाकून देतो. त्यात फोनकॉल कापला गेला की बॅकअप, याची त्याला फिकीर नसते. म्हणून कोणी थांबायचं हे आपल्याच टोकाला ठरवावं.

आपल्या टोकाला वेग बांधणारा शेपर आणि हा पोलिसर, दोन्हींचा हिशेब टोकन बकेटचा: ठरलेल्या वेगाने टोकन जमतात, पुरेशी असतील तर पॅकेट पुढे जातं. नसतील तर पोलिसर ते टाकतो किंवा त्याचा दर्जा उतरवतो. शेपर रांगेत थांबवतो.

१. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला १९ एमबीपीएसचा शेपर लावा. ही ५ टक्के सूट ओव्हरहेडसाठी, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या जास्तीच्या भारासाठी. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेममागे तारेवर २० बाइट जास्तीचे जातात आणि बरीच उपकरणं ते मोजत नाहीत. ६४ बाइटच्या फ्रेमला हा फरक जवळपास एक तृतीयांश पडतो. लहान पॅकेट जास्त असतील तर सूट वाढवा.

२. बर्स्ट, म्हणजे एका दमात सोडता येणारा डेटा, हा वेग गुणिले वेळेचं अंतर. १० मिलिसेकंदांना १,९०,००० बिट. इथेच सर्वाधिक चुका होतात. अंतर १०० मिलिसेकंद ठेवलं, तर पोर्टच्या १०० एमबीपीएस वेगाने सगळा कोटा १९ मिलिसेकंदांत संपतो आणि पुढची ८१ मिलिसेकंद लाइन गप्प बसते. दर २० मिलिसेकंदांनी पॅकेट पाठवणारा कॉल तेवढ्यात तुटक ऐकू येतो.

३. शेपरच्या आत वेगळ्या रांगा करा, आवाजाला प्राधान्य द्या. नुसता शेपर लावला तर कॉलही बॅकअपच्या मागे ताटकळतो. बाकीच्या ट्रॅफिकची रांग ५० मिलिसेकंदांची, म्हणजे १५०० बाइटची सुमारे ७९ पॅकेट, पुरे.

४. पाहुण्यांच्या वायफायवरून आत येणाऱ्या ट्रॅफिकला १० एमबीपीएसचा पोलिसर लावा. बर्स्ट साधारण दीड सेकंदाचा धरा: १८,७५,००० बाइट. तो फार लहान ठेवला तर टीसीपी (डेटा नीट पोहोचवण्याची इंटरनेटची पद्धत) प्रत्येक गळतीला वेग घटवतं आणि १० कधीच गाठत नाही. काही उपकरणांत शेपरचा बर्स्ट बिटमध्ये, पोलिसरचा बाइटमध्ये लिहावा लागतो; आकडा टाकण्याआधी एकक तपासा.

५. मोठी फाइल अपलोड करत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि शेपरचे काउंटर पाहा. थांबवलेल्या पॅकेटचा आकडा वाढायलाच हवा. शून्यच राहिला तर शेपर चुकीच्या पोर्टवर किंवा उलट्या दिशेला लागला आहे. आकडा वाढतोय, तरी पलीकडे गळती होतेय? मग आधी बर्स्ट कमी करा, वेग नंतर.