सहा मिनिटांच्या चाचणीत गप्प राहताना

कर्करोगावरील उपचार संपल्यानंतर नियमित व्यायामाने थकवा कमी होतो का, हे तपासणाऱ्या एका संशोधनात मी विद्यार्थी साहाय्यक म्हणून वर्षभर काम केले. आपण रुग्णांकडून व्यायाम करून घेणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळ मोजमापे घेण्यात, फोन करण्यात आणि प्रश्नावलीतले कोरे रकाने भरून घेण्यात गेला.

सर्वांत अधिक शिकवले ते सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीने. 30 मीटरचा सपाट मार्ग आखून दोन्ही टोकांना शंकू ठेवायचे. सहभागी व्यक्तीने जमेल तितके अंतर चालायचे, दम लागल्यास थांबायचे, घड्याळ मात्र चालूच ठेवायचे. दर मिनिटाला ठरलेले वाक्य ठरलेल्याच स्वरात उच्चारायचे, त्यापलीकडे एक शब्दही नाही. दुसऱ्याच आठवड्यात, केमोथेरपी नुकतीच संपलेल्या एक बाई शेवटच्या मिनिटाला रेंगाळल्या, तेव्हा न राहवून मी "अजून थोडंच, पोचलातच!" असे म्हणत त्यांच्या बरोबरीने चालू लागलो. त्यांनी वेग वाढवला आणि मला धन्य वाटले. मार्गदर्शकांनी त्या नोंदीपुढे 'नियमभंग' असा शेरा मारला आणि विचारले, "तीन महिन्यांनी यांचं अंतर वाढलं नाही, तर दोष व्यायामाचा मानायचा की तुझ्या आजच्या आवाजाचा?"

मोजणाऱ्याला समोरची व्यक्ती व्यायामाच्या गटातली की तुलनेच्या गटातली हे कळू नये, यामागचे कारणही तेच. लोक मात्र गप्पांच्या ओघात सांगून टाकतात. म्हणून तसे न सांगण्याची विनंती मी आदल्या दिवशीच्या फोनवरच करू लागलो. संमतीपत्रावर सही घेताना, आपण व्यायामाच्या गटात येऊ याची खात्री नाही, हे स्पष्ट सांगावे. नंतर होणारी निराशा फार अवघड जाते. तळपाय बधिर आहेत का, हेही अवश्य विचारावे, कारण काही औषधांनी नसांना इजा होऊन तोल जातो.

फोनचे काम मला कमीपणाचे वाटे. मग 2025 साली प्रसिद्ध झालेली 'चॅलेंज' या संशोधनाविषयी वाचले: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 889 रुग्ण, तीन वर्षांचा व्यायाम कार्यक्रम आणि पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात 80.3 टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात 73.9 टक्के. इतकी वर्षे माणसे टिकवून ठेवण्यासाठी कोणीतरी किती फोन केले असतील, हाच विचार माझ्या मनात प्रथम आला.

त्या बाई तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. मी शंकूपाशी उभा राहून ठरलेली वाक्ये तेवढी म्हटली. चाचणी संपल्यावर खुर्चीत टेकत त्यांनी विचारले, "आज माझ्यावर रागावला आहात का?"