दिवा पेटतो, पण नेट नाही

मे अखेरीस वळवाच्या विजेनं देवगडला दादाच्या कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) गेला. आंब्याचा सगळा हिशेब त्यावर. मी आरटीएल८१२५बी चिपचं २.५ गिगाबिट कार्ड आणून बसवलं. (केबली जोडायचा स्विच एक गिगाबिटचाच आहे, पण दुकानात तेवढंच होतं.) कार्डावरचा दिवा लागला, पण नेट येईना.

"दिवो पेटता, मगे नेट कित्याक येणा नाय?" दादाचा प्रश्न रास्त होता.

मशीनवर उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली, तिचा गाभा म्हणजे कर्नल ५.४. 'एलएसपीसीआय' या जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या कमांडमध्ये कार्ड दिसत होतं, म्हणून अर्धा दिवस केबल आणि आयपी तपासण्यात घालवला. माझाच गाढवपणा. 'डीमेसेज', म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, आधी बघायला हवी होती. तिथे आर८१६९ ड्रायव्हरनं (कर्नलमधला हे कार्ड चालवणारा भाग) स्वच्छ लिहिलं होतं: 'अननोन चिप एक्सआयडी ६४१'.

गोम अशी की या चिपच्या ए आणि बी दोन्ही आवृत्त्यांचा पीसीआय आयडी (कार्डाचा ओळख क्रमांक) ८१२५ हाच. त्यावरून ड्रायव्हर कार्ड हातात घेतो, मग चिपमधला एक्सआयडी हा आवृत्तीचा क्रमांक वाचून नेमकी आवृत्ती ओळखतो. ५.४ ला फक्त ए माहीत. बी ची ओळख ५.९ मध्ये आली. म्हणजे ड्रायव्हर हजर, पण पाहुणा अनोळखी.

नेटशिवाय नवा कर्नल आणायचा कसा? मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला दिलं. ते जुन्या कर्नललाही जमतं. मग 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२०.०४' हे नवा कर्नल देणारं पॅकेज टाकलं. मध्येच लाईट गेली, पण यूपीएसनं तारलं. रीबूट केल्यावर कर्नल ५.१५, आणि 'इथटूल' या लॅनचा वेग दाखवणाऱ्या कमांडमध्ये १००० मेगाबिटचा, म्हणजे एक गिगाबिटचा वेग.

जुना ५.४ ग्रबमध्ये, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत, तसाच ठेवलाय.