एनडीएला जायचंय? मग अकरावीपासूनच एवढं करा

खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. बारावीत शिकत असतानाच फॉर्म भरता येतो, आणि 2022 पासून मुलीही तिथे प्रशिक्षण घेत आहेत. लष्करासाठी कुठलीही शाखा चालते. नौदल, हवाई दलासाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. कला शाखेच्या मुलांनो, लेखी परीक्षेत गणिताचा 300 गुणांचा पेपर तुम्हालाही सुटणार नाही, म्हणून अकरावीत गणित सोडू नका.

लेखी 900 गुणांची, आणि त्यानंतरची एसएसबीची (सैन्यदलांच्या निवड मंडळाची) मुलाखतही 900 गुणांची. क्लास लावून लेखी निघते, पण एसएसबीत चांगली हुशार मुलं अडकतात. तिथे एक अंधूक चित्र 30 सेकंद दाखवतात, 4 मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बोलायचं. पाठ केलेली गोष्ट तिथे लगेच उघडी पडते. त्यापेक्षा रोज पेपर वाचा, घरी त्यावर वाद घाला, मैदानी खेळ खेळा, गणेश मंडळात किंवा गॅदरिंगमध्ये एखादी जबाबदारी अंगावर घ्या. हे दोन महिन्यांत जमत नाही हो!

डोळे आणि रंगांची ओळख आत्ताच डॉक्टरांकडून तपासून घ्या. काही दोष आहे हे थेट निवडीच्या मेडिकलला कळलं तर फार जिवाला लागतं.

दहावीत असाल, तर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढा. राज्य सरकार तिथे अकरावी-बारावीच्या मुलांची याच परीक्षेसाठी तयारी करून घेतं. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे.