डब्याचा धंदा: खाडे, उधारी आणि रिकामे महिने

घरगुती डब्याचा धंदा चवीमुळे क्वचितच बंद पडतो. जेवण चांगलं असतं, मेंबरही टिकून असतात. तरीही किराणावाल्याची उधारी चढत जाते, आणि मे महिन्यात शिकायला आलेली मुलं गावी गेली की गल्ल्यात काहीच उरत नाही. दुखणं बहुधा तीन ठिकाणी असतं: डब्याचा भाव अंदाजाने ठरवलेला, खाड्यांना नियम नाही, आणि आगाऊ आलेले पैसे कमाई समजून खर्चलेले.

खालचं गणित पुण्यासारख्या शहरात रोज ४० डबे, महिन्याचे २६ दिवस असं धरून केलं आहे. डब्यात चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा लोणचं. भाव उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमच्या बाजारातले घाला.

आधी वजनकाटा

एक किलो कणकेला साधारण ६०० ते ६५० मिली पाणी लागतं आणि १.६ किलोच्या आसपास गोळा होतो. ४० ग्रॅमचा उंडा केला तर त्यात ४० पोळ्या होतात. म्हणजे एका डब्याला १०० ग्रॅम कणीक आणि रोजची चार किलो. हाच उंडा नकळत ५० ग्रॅमचा झाला की किलोला ३२ पोळ्या, म्हणजे रोज पाच किलो कणीक. महिन्याला २६ किलो जास्तीची, दळणासकट ४५ रुपये किलोने ११७० रुपये. पोळी मोठी झाली म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही, लहान झाली तर मात्र संध्याकाळी फोन येतो. म्हणून पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी सुरुवातीचे पाच-सहा उंडे काट्यावर टाकून बघावेत. हात बसला की पुढचे आपोआप बरोबर येतात. नव्या गव्हाचं पीठ आलं की पाणी थोडं कमी-जास्त लागतं, त्या दिवशी पुन्हा मोजा.

भाजीत घोटाळा होतो तो निवडण्यात. फ्लॉवरचे दांडे आणि पाला, मेथीच्या काड्या, मटारची टरफलं यात पिशवीचा मोठा भाग जातो. मेथीत आणि मटारात तर निम्म्याहून जास्तही. दोन आठवडे प्रत्येक भाजी आणल्यावर आणि निवडल्यावर तोलून वहीत लिहा. मग कळतं की ४० रुपये किलोचा मटार प्रत्यक्षात ८० च्या वर पडतो आणि कोबी तेवढाच पैसा घेऊन दुप्पट डबे भरतो.

एका डब्याला काय पडतं

कणीक १०० ग्रॅम, ४.५० रुपये. तांदूळ ७५ ग्रॅम, ६० रुपये किलोने ४.५०. तूरडाळ २५ ग्रॅम, १४० ने ३.५०. भाजी १५० ग्रॅम, सरासरी ६० ने ९ रुपये. तेल २० ग्रॅम, ३ रुपये. मसाला, दाण्याचं कूट, गूळ, कोथिंबीर मिळून ४. कोशिंबीर किंवा लोणचं ३. हा झाला ३१.५० रुपयांचा माल, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

आता पुढचं. गॅस ३.६०, १९ किलोची टाकी १८०० रुपयांची आणि तिच्यात ५०० डबे, असं धरून. नवी टाकी लावली की तिच्यावर तारीख लिहा आणि संपेपर्यंतचे डबे मोजा. ५०० चे ४०० वर आले तर बर्नर साफ करायला झालाय किंवा कुकरऐवजी पातेल्यात डाळ शिजतेय. पोचवणाऱ्याचे १० रुपये. डबे घासायचा साबण आणि पाणी १.५०. मदतनीस बाईंचा पगार ९००० रुपये, तो १०४० डब्यांवर वाटला की ८.६५. उरलेलं-सांडलेलं १.६०. मिक्सरची दुरुस्ती, हरवलेली झाकणं, नवी भांडी यासाठी ३.

आणि तुमची मजुरी. रोजचे पाच तास, तासाला ८० रुपये, महिन्याचे १०,४००, डब्यामागे १०. सगळं मिळून ७० रुपये. शेजारची ६० ला देते म्हणून तुम्हीही ६० लावले, तर तुमची मजुरी शून्य झाली. ती बहुधा स्वतःची मजुरी धरतच नाही, तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. इथे ८० रुपये भाव धरू, म्हणजे महिन्याचे २०८०.

खाडे

डब्यामागे १० रुपये नफा, १०४० डब्यांचे १०,४००. आता प्रत्येक मेंबरने महिन्यात चार खाडे केले आणि तुम्ही भलेपणाने पूर्ण पैसे वजा केले, तर १६० डबे गेले. खाड्याच्या डब्यात वाचतो फक्त माल आणि गॅस, म्हणजे साधारण ३५ रुपये. बाईंचा पगार तोच, पोचवणारा महिन्याने ठरलेला म्हणून तोही तोच. डब्यामागे ४५ रुपये खड्ड्यात, एकूण ७२००. डबे कमी झाले १५ टक्के, नफ्यातले मात्र जवळजवळ ७० टक्के गेले. दिवसभर राबूनही पैसा दिसत नाही, तो असा.

तेव्हा पहिल्याच दिवशी नियम लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा:

– खाडा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवायचा. सकाळी कळवलेला खाडा धरला जाणार नाही, कारण तोवर कणीक भिजलेली आणि भाजी चिरलेली असते.
– एक-दोन दिवसांचा खाडा वजा होणार नाही. सलग तीन किंवा जास्त दिवस असतील तर दिवसाला ३५ रुपये वजा.
– केंद्र आपणहून बंद असेल त्या दिवसाचे पूर्ण पैसे परत.

तिसरा नियम टाळू नका. पहिले दोन त्याच्याच जोरावर मान्य होतात.

दुसरा मार्ग कूपनांचा: २०८० रुपयांत २६ कूपनं, मुदत ३५ दिवस. यात वजाबाकीची कटकट राहत नाही आणि मेंबरलाही मोकळीक मिळते. मुदत छापायला विसरलात तर जूनमधली कूपनं दिवाळीनंतर येतात, तेव्हा भाव वाढलेले असतात.

१ तारखेचा पैसा तुमचा नाही

महिन्याचे पैसे आगाऊच घ्या, याला अपवाद नको. पण ४० जणांचे ८३,२०० रुपये १ तारखेला खात्यात आले की माणूस सैलावतो. ती रक्कम म्हणजे अजून करायच्या १०४० डब्यांचं देणं आहे. दोन खाती ठेवा. आगाऊ पैसा एका खात्यात येऊ द्या आणि दर शनिवारी, आठवड्यात प्रत्यक्ष गेलेल्या डब्यांचेच पैसे दुसऱ्या खात्यात वळवा. सहा दिवस ४० डबे गेले तर १९,२००. किराणा, पगार, घरखर्च सगळं दुसऱ्या खात्यातून. पहिल्या खात्यात महिनाअखेरीला शिल्लक राहिली तर ती मेंबरांनी अजून न वापरलेल्या कूपनांची आहे.

दुसऱ्या खात्यातून दरमहा नफ्याचा निम्मा भाग रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला टाका, बाईंचा पगार आणि पोचवण्याचा दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे ३९,००० च्या आसपास, जमेपर्यंत. भिशीत घालायचे असतील तर नंबर मे महिन्यात लागेल अशी बोली आधीच करून घ्या.

ऑफिसची ऑर्डर

कंपनीची रोजच्या २० डब्यांची ऑर्डर आली की हुरूप येतो, पण ती रोखीची नसते. ८० रुपयांनी २० डबे २६ दिवस म्हणजे ४१,६०० रुपयांचं बिल. पैसे ४५ दिवसांनी आले तर पहिला पैसा दिसेपर्यंत अडीच महिने तुम्ही पदरचा माल घालत असता. तेवढं भांडवल नसेल तर पंधरवड्याचं बिल ठरवा, नाहीतर ऑर्डर नम्रपणे सोडा.

ऑर्डर घेण्याआधी ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या दलालाची गरज नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. पण त्याआधी एक सोपा उपाय: उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार मुदतीत न चुकवलेलं असं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षाच्या खर्चात दाखवता येतं. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट आपणहून फोन करतो.

वर्ष सारखं नसतं

पेठांमधल्या, विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर चालणारा धंदा गणपतीत चार-पाच दिवस, दिवाळीत दोन आठवडे आणि मे महिन्यात बसतो. नोकरदार मेंबर मे महिन्यात थोडेफार राहतात, म्हणून दोघांचं मिश्रण बरं. श्रावणात आणि चातुर्मासात कांदा-लसूण नको म्हणणारे निघतात, त्यांच्यासाठी वेगळा डबा करत बसण्यापेक्षा सोमवारची आमटी सगळ्यांचीच बिनकांद्याची करा. पावसाळ्यात भाज्या कडाडतात. आठवड्याचा मेनू जाहीर करताना भाजीचं नाव न लिहिता ‘फळभाजी’, ‘पालेभाजी’, ‘उसळ’ एवढंच लिहा, म्हणजे टोमॅटो १०० वर गेला तरी मटकी भिजत घालायला कोणाची परवानगी लागत नाही. भाव वाढवायचा तर जून किंवा जानेवारीत, पाच रुपयांनी, आधीच्या महिन्याच्या १५ तारखेला कळवून.

सणांच्या ऑर्डरी रिकामे दिवस भरून काढतात: संक्रांतीला गुळपोळी, होळीला पुरणपोळी, पितृपक्षात श्राद्धाचा स्वयंपाक, दिवाळीला फराळ. पण हाताचा वेग मोजल्याशिवाय हो म्हणू नका. उकडीच्या मोदकांचं उदाहरण घ्या. सराईत बाई तासाला २५-३० मोदक वळते, म्हणजे ३०० मोदकांना एका हाताचे दहा-बारा तास. चतुर्थीला सगळ्यांना ते सकाळी ११ च्या आत हवे असतात. उकड एकदाच काढून ठेवली तर गार होते आणि मोदकाच्या कळ्या चिरतात. ती दोन-दोन वाट्या पिठाचीच काढायची आणि झाकून ठेवायची. मोदकपात्रात एका वेळी २१ मावत असतील आणि वाफवायला १५ मिनिटं लागत असतील, तर भरणं-काढणं धरून तासाला तीन घाणे, ६३ मोदक. दोघी वळणाऱ्या, एक पात्र, पहाटे ५ ते १०: हातांनी २५०-३०० होतील आणि पात्रही ३१५ पर्यंत पेलेल. त्यातले फुटलेले वजा करा आणि २५० वर ऑर्डर बंद. निम्मे पैसे आगाऊ, सारण आदल्या रात्री.

कागद

अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आधी, तिचा १४ अंकी क्रमांक बिलावर. घरगुती लाल टाकी धंद्याला चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक निळी टाकी घ्या. तिचा भाव साधारणपणे दर १ तारखेला बदलतो, वहीत नोंदवा. वरच्या ४० डब्यांची वर्षाची उलाढाल दहा लाखांच्या आत राहते. सेवेसाठी जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे, तेव्हा ती काळजी सध्या नको. सोसायटीची मात्र लेखी संमती घेऊन ठेवा.

मे महिन्याची तयारी २० एप्रिलला सुरू करा. प्रत्येक मेंबरला ‘मे महिन्यात डबा कोणत्या तारखांना हवा’ एवढंच विचारा आणि उत्तरं मोजा. २५ च्या वर आली तर नेहमीसारखं चालू ठेवा. १५ ते २५ असतील तर संध्याकाळचाही डबा देत असाल तो बंद, फक्त दुपारचा, आणि पोचवण्याचा करार त्या महिन्यापुरता डब्यावर. १५ च्या खाली आली तर तीन आठवडे केंद्र बंद ठेवणंच स्वस्त पडतं. बाईंना निम्मा पगार द्या आणि १ जूनची तारीख पक्की सांगून ठेवा, नाहीतर त्या दुसरीकडे लागतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रोजच्या १६० पोळ्या तुम्हालाच लाटाव्या लागतात.