युद्धपदके आणि जुन्या बंदुका जमवताना या चुका टाळा

खानदेशात जुन्या वस्तूंचा शोध घेणाऱ्याला पदके आणि बंदुका बहुतेक वेळा एकाच दारात भेटतात: पाडायला काढलेला वाडा, भंगाराचे दुकान किंवा एखाद्या माजी सैनिकाच्या घरातील लोखंडी ट्रंक. त्यामुळे नवशिका संग्राहक दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतो, आणि पहिली चूक तिथेच होते. पदक खोटे निघाले तर फार तर पैसे बुडतात. बंदूक बेकायदा निघाली तर गुन्हा दाखल होतो. दोन्ही बाबतींत वस्तू हातात घेण्याआधी तिचा कागद मागण्याची सवय लावून घेतली, तर पुढील चुकांपैकी बऱ्याच टळतील.

कडेवरील नाव न वाचता पदक घेणे

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, तर 1914-15 स्टार या ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागील सपाट बाजूवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पदकाचे मोल मुख्यतः या एका ओळीत असते. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि एप्रिल 1916 मध्ये तेथे वेढल्या गेलेल्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली. त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव कडेवर असेल तर त्या पदकाचा इतिहास शोधता येतो. 1917 मध्ये उभी राहून काही वर्षांतच बरखास्त झालेल्या 111व्या महार पलटणीचे नाव तर क्वचितच दिसते आणि म्हणूनच ते बनावटही केले जाते.

बनावट करणारा बहुधा अस्सल पदकच घेतो, मूळ नाव कानशीने घासून काढतो आणि तिथे जास्त किमतीचे नाव घालतो. अशा पदकाची कड किंचित पातळ झालेली असते. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास 36 मिलिमीटर असतो. तो व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजावा आणि कमी भरला तर शांतपणे पदक परत करावे. अक्षरांची खोली, त्यांच्यातील अंतर आणि घासल्याच्या बारीक रेषा भिंगाखाली दिसतात, मोबाइलच्या छायाचित्रात दिसत नाहीत; ऑनलाइन खरेदीत फसगत होते ती यामुळेच.

उलट चूकही तितकीच होते, म्हणजे अस्सल वस्तू खोटी समजून नाकारली जाते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते असे वाचलेला मनुष्य कांस्याचे पदक पाहून हसतो. परंतु सैन्यासोबत गेलेल्या कामगार पथकांतील आणि इतर बिगरलढाऊ भारतीयांना ते कांस्याचेच दिले गेले. तसेच दुसऱ्या महायुद्धातील स्टार आणि पदके नावाशिवाय असतात, हे इंग्लंडमधील मार्गदर्शक पुस्तकांतील वाक्य ब्रिटिश सैनिकांपुरते खरे आहे. भारतीय सैनिकांना दिलेल्या बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, वॉर मेडल किंवा इंडिया सर्व्हिस मेडलवर नाव ठोकलेले असते. आपल्याकडील वस्तूला तिकडचे नियम लावले की असा घोटाळा होणारच.

शौर्यपदकांच्या बाबतीत मात्र संशय हाच योग्य पवित्रा आहे. परमवीर चक्र आजवर 21 जणांनाच मिळाले आहे. ते बाजारात विक्रीला ठेवलेले दिसले तर ती प्रतिकृती आहे असेच धरावे. याउलट 1971 चे संग्राम पदक त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळाले. ते अस्सल असले तरी दुर्मिळ नाही, आणि ‘बांगलादेश युद्धातील शौर्यपदक’ म्हणून कोणी चढा भाव सांगत असेल तर तो एकतर अज्ञानी आहे किंवा आपल्याला तसे समजतो आहे.

पदक घेणे आणि कागद मागे ठेवणे

माजी सैनिकाचे घरचे लोक पदके द्यायला तयार झाले की संग्राहक चकाकणारे तेवढे उचलतो. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद, पलटणीतील गटछायाचित्र मात्र तिथेच राहते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. त्यानंतर ते पदक कोणाचे, तो कुठे लढला, गावी कधी परतला, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. एकाच सैनिकाचा संच फोडून त्यातील चांदीचे तेवढे घेणे हीसुद्धा अशीच चूक आहे. आपल्याकडे हे नुकसान सराफ्यात पूर्वीच भरपूर झाले: ब्रिटिश वॉर मेडलमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास चांदी असल्यामुळे कितीतरी पदके मुशीत वितळली. खरेदी करताना घरातील ज्येष्ठांची संमती घ्यावी, पावती लिहून घ्यावी, कागद विकायचे नसतील तर निदान त्यांची छायाचित्रे काढावीत. मोडीतील कागद असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी वाचणारे माणूस मिळण्याची शक्यता असते. दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदींत तपासता येतात.

चकचकीत करण्याचा मोह

चिंच, लिंबू, पितळ घासण्याची पावडर यांपैकी काहीही पदकाला लावू नये. वारंवार घासल्याने कडेवरील अक्षरे झिजतात, व्हिक्टरी मेडलचा सोनेरी मुलामा निघतो, आणि हे नुकसान कोणालाही भरून काढता येत नाही. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. जुनी फीत मळकी असली तरी ती बदलून टाकू नये. नवी लावायचीच असेल तर जुनी पाकिटात घालून पदकासोबत ठेवावी. पीव्हीसीच्या पारदर्शक अल्बममध्ये पदके ठेवल्यास उष्णतेने त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटते आणि धातूवर हिरवट चिकट थर येतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या कपाटातील तापमान किती चढते हे वेगळे सांगायला नको. आम्लविरहित कागद, कपाटाऐवजी थंड कोपरा आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी, एवढी व्यवस्था करावी.

‘जुनी आहे, परवाना लागत नाही’

बंदुकीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारे वाक्य हेच आहे, आणि ते नेहमी विकणाराच बोलतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी तिथे स्पष्ट अट आहे. चाप गंजला आहे किंवा दस्ता तुटला आहे, एवढ्याने ती अट पूर्ण होत नाही. 2020 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ‘क्युरिओ’ (संग्रहासाठीच्या नवलाईच्या जुन्या वस्तू) गटातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवान्यातून सवलत मिळाली, पण ती शस्त्रे वापरण्यास किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यास परवाना लागतोच. म्हणजे बऱ्हाणपुरात घेतलेली ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून रावेरमार्गे घरी आणणे हा प्रवासच गुन्हा ठरू शकतो. वस्तू त्या गटात बसते की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

.303 रायफलीबद्दल विशेष आकर्षण असते. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ही रायफल सैन्याने आणि पोलिसांनी दीर्घकाळ वापरली, म्हणून ती ‘जुनी’ वाटते; पण सैन्याचे काडतूस चालणाऱ्या अशा रायफली प्रतिबंधित बोरमध्ये (नळीच्या मापांत) गणल्या जातात. नवशिक्याने तिचा नाद सोडावा हे उत्तम. सातपुड्याच्या पट्ट्यात फिरणारे गावठी कट्टे कोणी गंज चढवून ‘संस्थानी पिस्तूल’ म्हणून दाखवले, तर तिथे क्षणभरही थांबू नये.

दुसरा सापळा गोष्टींचा असतो. जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1825 मध्ये धरणगावला उभी केलेली भिल्ल पलटण खानदेशात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्या नावावर काहीही खपवले जाते. औट्रम 1835 मध्ये येथून गेला. टोपीची बंदूक (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने दारू पेटवणारी) कंपनीच्या सैन्यात रुळली ती त्यानंतर. त्यामुळे ‘औट्रमच्या शिपायाची’ म्हणून टोपीची बंदूक दाखवणाऱ्याची गोष्ट तारखेतच अडकते. शिक्क्यांची तपासणीही अशीच करावी: व्हिक्टोरिया राणी जानेवारी 1901 मध्ये वारली, तेव्हा तिचा मुकुट आणि आद्याक्षरे असलेल्या रायफलीवर 1901 नंतरचे साल असेल, किंवा एखादे अक्षर उलटे ठोकलेले असेल, तर ती वायव्य सरहद्दीकडील गावठी नक्कल समजावी.

आजोबांची परवाना असलेली बंदूक घरात सापडली तरी ती आपोआप नातवाची होत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. ‘आधी गावातल्या वेल्डरकडून नळी बंद करून घेऊ’ हा सल्ला ऐकू नये. तोपर्यंतचा ताबा विनापरवानाच राहतो. शिवाय ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीची दारू ठासलेली सापडल्याची उदाहरणे आहेत आणि कोरडी राहिलेली काळी दारू आजही पेटते. म्हणून वेल्डिंगची ठिणगी तर दूरच, टोपी बसवण्याच्या जागेवर हातोडी मारून पाहणेसुद्धा जिवावर बेतू शकते.

काडतुसांचाही तोच नियम आहे. वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना असल्याने या भागात पितळी कवचांचे कुतूहल स्वाभाविक आहे, पण न उडालेले एक काडतूससुद्धा कायद्याने दारूगोळाच ठरते. शेतात किंवा नदीपात्रात तोफगोळ्यासारखी वस्तू दिसली तर ती हलवू नये. जागेवर खूण करून पोलिसांना कळवावे.

शेवटची चूक परदेशी ग्राहकाला पार्सल पाठवण्याची आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धातील पदके आता ती मर्यादा ओलांडून गेली आहेत.