चाळिशीनंतर पुन्हा क्लॅरिनेट: जुनं वाद्य घेताना आणि घेतल्यावर

शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, दहावी झाल्यावर ती शाळेच्या कपाटात परत ठेवली आणि मग वीस-पंचवीस वर्षं तिचं नावही काढलं नाही, अशी माणसं ठाण्यात बरीच असतील. मी त्यातलीच. नौपाड्यातल्या घरी पुन्हा क्लॅरिनेट आली तेव्हा मुलगी कॉलेजात होती आणि मी रोज ऐरोलीला ऑफिसला जात होते. आता माझ्यासारखेच परत सुरू करू पाहणारे बरेचजण विचारतात, म्हणून हे लिहितेय. वाद्य अगदी नव्याने शिकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

इतक्या वर्षांनी क्लॅरिनेट हातात घेतली की बोटं आपोआप जागेवर जातात. ओठ मात्र पार विसरलेले असतात. सूर फाटतो, मध्येच चिरकतो, वरच्या पट्टीत नुसता वारा वाजतो. मग आपण म्हणतो, वय झालं, दमसास राहिला नाही. जिने चढणाऱ्या माणसाकडे क्लॅरिनेटपुरता दम असतोच. बहुतेक वेळा हवा कुठेतरी गळत असते. वाद्यातून, रीडशी (तोंडाशी बसवलेली, थरथरून सूर काढणारी वेताची पातळ पट्टी) किंवा ओठांच्या कोपऱ्यातून. शोधायचं ते याच क्रमाने. वाद्य गळत असेल तर ओठांवर कितीही मेहनत घ्या, ती फुकट जाते.

आधी वाद्य निवडण्याबद्दल. सेकंडहँड क्लॅरिनेट बघायला गेलात की पहिल्यांदा बोटांखालच्या गोल कड्या मोजा. आज सगळीकडे शिकवतात ती बोएम पद्धत, म्हणजे १८३९ ते १८४३ च्या दरम्यान पॅरिसमध्ये क्लोझे आणि बफे यांनी बसवलेली. तिच्यात साधारण १७ चाव्या आणि ६ कड्या असतात: खालच्या भागावर तीन, वरच्या भागावर समोर दोन आणि मागे अंगठ्याची एक. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये जुन्या पद्धतीच्या क्लॅरिनेटही फिरतात. त्यांना अल्बर्ट किंवा सिंपल सिस्टिम म्हणतात आणि त्यांच्या खालच्या भागावर बहुधा दोनच कड्या असतात. वाद्य म्हणून त्या वाईट नाहीत, पण बोटांची मांडणी वेगळी आहे. शाळेत बोएम शिकला असाल तर स्वस्त मिळतेय म्हणून ती घेऊ नका.

दुसरी तपासणी पट्टीची. फोनवरचा ट्यूनर लावा आणि पाच मिनिटं फुंकून वाद्य गरम झाल्यावर बघा. काही फार जुन्या क्लॅरिनेट आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा (ए = ४४० हर्ट्झ) बऱ्याच चढ्या पट्टीसाठी बनवलेल्या आहेत. बॅरल, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसखालचा आखूड तुकडा, बाहेर ओढून त्या खाली आणता येत नाहीत, कारण सगळी भोकंच त्या पट्टीच्या हिशेबाने पाडलेली असतात. अशी वस्तू शोकेससाठी ठीक.

लाकडी की प्लास्टिक, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे: परत सुरू करताना प्लास्टिकचीच घ्या. यामाहा २५० किंवा नंतरची २५५, बफेची बी१२, असली एबीएस प्लास्टिकची विद्यार्थी-क्लॅरिनेट. चांगली क्लॅरिनेट ग्रेनाडिला या आफ्रिकन काळ्या लाकडाची असते आणि तिचा आवाज गोड असतो, यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं न वाजवलेली लाकडी क्लॅरिनेट घरी आणून पहिल्याच दिवशी तासभर फुंकली, वर एसीही चालू ठेवला, तर वरच्या भागाला तडा जाऊ शकतो. तिला सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवून हळूहळू सवय लावावी लागते. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे असे अडकतात की सोडवताना चाव्या वाकतात. लाकडी घ्यायचीच असेल तर वरचा भाग उजेडाकडे धरून आतून आणि बाहेरून नीट बघा. तडे बहुतेक वरच्या टोकाशी आणि ट्रिलच्या (दोन सूर झरझर आलटून वाजवायच्या) चाव्यांच्या भोकांजवळ जातात.

माझी क्लॅरिनेट प्लास्टिकचीच, ओळखीतून मिळालेली. वाद्य दिसायला चकचकीत, पण सूर लागेना. कळव्याला एक निवृत्त बँडवाले काका दुरुस्ती करतात असं कळलं, तिकडे घेऊन गेले. मी वाजवून दाखवायला तोंडाला लावली तर हात वर करून म्हणाले, "ताई, सूर नंतर. आधी वारा कुठून जातो ते बघू."

त्यांनी वरचा भाग सुटा केला, खालचं तोंड तळहाताने दाबलं, भोकं बोटांनी बंद केली आणि वरून हवा ओढून घेतली. पॅड, म्हणजे चावीखालची भोक झाकणारी मऊ गादी, नीट बसत असतील तर आतली ओढ दोन-तीन सेकंद टिकते, सोडल्यावर बारीक 'टप्' असा आवाज येतो. माझ्या वाद्यात ती क्षणभरही टिकली नाही. मग त्यांनी सिगारेटच्या कागदाची अगदी बारीक पट्टी कापली, एकेका पॅडखाली घातली, चावी मिटून पट्टी हलकेच ओढली. जिथे पट्टी अडखळत येते तिथे पॅड बसलेला. जिथे सरळ निसटते तिथे फट. चारही बाजूंनी हे करायचं. चार-पाच पॅड एका बाजूने टेकत होते, दुसऱ्या बाजूने उघडे. पॅडवरची पातळ पारदर्शक त्वचा पिवळी पडून काही ठिकाणी फाटली होती. काकांनी चावीची वाटी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आतली लाख वितळली, जुना पॅड निघाला, नवा बसला. एका चावीची स्प्रिंग गंजून मेली होती, तीही बदलली. खाडीच्या हवेत या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा गंजतातच. त्यांना कापसाच्या काडीने अगदी किंचित तेल लावत जा, पॅडला मात्र तेल लागू देऊ नका.

हे सगळं विकत घेण्याआधी तुम्हालाही करता येतं. सिगारेटचा कागद आणि तळहात, एवढंच लागतं. विकणारा ओढून बघू देत नसेल तर निघून या. आणि वाद्याच्या किमतीचा चौथा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा. पॅड, सांध्यांचे कॉर्क, स्प्रिंगा यांचा खर्च सेकंडहँडमध्ये धरायचाच असतो.

जुन्या वाद्याबरोबर आलेला माउथपीस वापरायचा असेल तर कोमट पाण्यात साबणाने धुवा. गरम पाण्यात नको. माउथपीसचं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, हिरवट पडतं आणि त्याला गंधकाचा वास सुटतो. टोकाला टवका गेलेला असेल तर तो फेकाच. यामाहाचा ४सी हा साधा, स्वस्त माउथपीस सुरुवातीला पुरतो. माझं तर म्हणणं आहे की हातात थोडे पैसे उरले तर ते आधी माउथपीसवर घालावेत, वाद्य बदलण्यावर नंतर.

रीड दोन किंवा अडीच नंबरची. शाळेत साडेतीन वाजवायचो, ही फुशारकी बाजूला ठेवा. नंबर कंपनीगणिक बदलतात, व्हँडोरेनची अडीच ही रिकोच्या अडीचपेक्षा कडक लागते. एका पाकिटातल्या सगळ्या रीड सारख्या नसतात. तीन-चार निवडून त्या आलटून पालटून वाजवा. वाजवून झाल्यावर रीड पुसून, सपाट ठेवून, वाळवूनच डबीत घाला. जुलै-ऑगस्टमध्ये ओली रीड बंद डबीत राहिली की दोन दिवसांत काळे ठिपके पडतात. वाद्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आतून ओढायचं फडकं रोज वापरा. पाणी पॅडमध्ये मुरलं की चावी चिकटते, उघडताना 'चप्' वाजते. तेव्हा तिथे सिगारेटचा तोच कागद दाबून ओलावा शोषून घ्यायचा.

आता ओठ. सुरुवातीला दहा मिनिटांत कोपरे सैल पडतात आणि हवा बाजूने फुसफुसते. तिथेच थांबा, तासाभराने परत बसा. थकलेल्या ओठांनी वाजवत राहिलं की आपण नकळत खालच्या दातांनी रीड चावायला लागतो आणि ती खोड पुढे महिनोन्महिने जात नाही. खालचा ओठ आतून सोलवटत असेल तर चावताय असंच समजा. दातांना कॅप किंवा ब्रिज असेल तर डेंटिस्टना आधी विचारून घ्या आणि वरच्या दातांखाली माउथपीसवर रबराची चकती चिकटवा. उजवा अंगठा दुखणार, कारण पाऊण किलो वजन त्याच एकट्यावर येतं. चाळिशीनंतर यात बहादुरी दाखवू नये, गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो.

रियाज म्हणजे लांब सूर. खालच्या सप्तकात एक सूर बारीक सुरू करून मोठा करायचा, परत बारीक. ट्यूनर समोर ठेवलात तर एक गंमत दिसेल: क्लॅरिनेटचा सूर जोरात फुंकला की उतरतो, हळू फुंकला की चढतो. बासरीचं नेमकं उलट. बासरीवरून येणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. बासरीवर जोर वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटवर अंगठ्यावरची रजिस्टरची चावी दाबली की 'सा'चा तार सप्तकातला 'प' होतो. म्हणून खालच्या आणि वरच्या पट्टीची बोटं वेगळी पाठ करावी लागतात आणि मधला तो सांधा, ज्याला सगळे ब्रेक म्हणतात, तिथे सगळ्यांची फेफे उडते.

शिकवणारा शोधताना आधी ठरवा, नोटेशन हवं की राग. पाश्चात्त्य पद्धतीत ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या, दोघांच्याही क्लॅरिनेटच्या आठ ग्रेड आहेत. फरक एवढाच की एबीआरएसएमची सहावी ग्रेड द्यायला आधी पाचवीची थिअरी किंवा तिला पर्याय म्हणून चालणारी परीक्षा लागते, ट्रिनिटीला तशी अट नाही. नोकरी करणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं. रागसंगीत हवं असेल तर सनई किंवा बासरीच्या गुरूंकडे गेलात तरी चालेल, बोटं तुमची तुम्हाला येतातच. क्लॅरिनेटवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना रायचूरचे नरसिंहलू वडवाटी ऐकवा, कर्नाटकी बाजाचे ए. के. सी. नटराजन ऐकवा.

शेजाऱ्यांचं काय, हाही प्रश्न असतोच. बेलमध्ये, म्हणजे खालच्या पसरट तोंडात, मोजे कोंबून उपयोग नाही. आवाज बोटांच्या भोकांमधून बाहेर पडतो, बेलमधून जवळपास फक्त सगळ्यात खालचा सूर येतो. त्यापेक्षा कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवा आणि वेळ ठरवून शेजारी सांगून ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सातनंतर वाजव, माझी सिरियल साडेआठला असते." रविवारी पहाटे उपवनला तलावाकाठी गेलं की कुणी काही म्हणत नाही, पण तिथे थंड हवेत वाद्य उतरतं, तेवढं ध्यानात ठेवा.

त्याच काकू एका भजनी मंडळात आहेत. हल्ली मी त्यांच्याबरोबर बसते आणि बी फ्लॅट क्लॅरिनेटचं गणित मला तिथे खरं कळलं. आपल्या बोटांचा 'सी' म्हणजे पेटीची काळी पाच. मंडळ गातं काळी चारमध्ये. अस्ताई सुखाची, 'सा' खालच्या पट्टीत छान भरून लागतो. पण अंतऱ्यात वरच्या 'सा'ला आपण बरोबर ब्रेकच्या अलीकडे, वाद्यातल्या सगळ्यात फिक्या सुरावर असतो आणि 'रे'ला जायचं तर सगळी बोटं एकदम बसवावी लागतात. उपाय एकच: 'सा' वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं आधीच भोकांवर ठेवून द्यायची, सुराला फारसा फरक पडत नाही. तरी एकदा मी काकूंना काळी पाच घेऊन बघता का, असं विचारलंच. "आमचा गळा बसलाय काळी चारमध्ये," त्या म्हणाल्या, "तुझी बोटं तू बघ." सध्या रोज तेवढाच 'सा-रे' घोटतेय.