मैदालकडीचा लेप लावताय? या चुका टाळा

डवरणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरला आणि घोटा सुजला, की आमच्याकडं अजूनही आधी मैदालकडीच आठवते. नावात मैदा असला तरी मैद्याशी तिचं नातं नाही, आणि लाकडाशीही नाही. औषध असतं या जंगली झाडाच्या सालीत. ही साल भिजली की भेंडीसारखी बुळबुळीत होते, पाणी धरून ठेवते, म्हणून लेप लवकर वाळत नाही आणि दुखऱ्या जागेला गार वाटतं. हा बुळबुळीतपणा गेला की उरतो नुसता भुसा.

म्हणून आठवडी बाजारातली पुडी आणली की आधी चिमूटभर पूड बशीत भिजवा. पाच-दहा मिनिटांनी दोन बोटांत धरून बघा. तार सुटत नसेल, वाळूसारखी तळाला बसत असेल, तर ती जुनी तरी आहे नाहीतर भलत्याच झाडाची. त्यापेक्षा सालीचे तुकडे आणून घरी कुटलेले बरे.

लेपात गुठळ्या होतात? पूड उकळत्या पाण्यात टाकली असणार. वरून चिकट होते, आत कोरडीच राहते. पिठल्याचं बेसन कालवतो तशी आधी थंड पाण्यात कालवा, आंबेहळद घाला, मग मंद आचेवर कोमट करा. पण मार ताजा असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, गरम लेपही नको; सूज वाढते. तेव्हा थंडच लावा.

लेप कडक वाळेपर्यंत ठेवून तसाच ओढू नका. मी एकदा ओढला. घोटा बरा झाला, पण पोटरीचे केस गेले आणि कातडी सोलली ती वेगळीच. वरून ओलं फडकं ठेवायचं, मऊ झाला की पाण्यानं धुवायचं. उघड्या जखमेवर तर लावायचाच नाही.

आणि हाड मोडलं असेल तर ही साल ते जुळवत नाही. पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, तर लेप राहू द्या, एक्स-रे काढा.

हगवणीत काही घरी पूड पाण्यातून देतात. आतड्याला आराम वाटत असेलही, पण अंगातलं गेलेलं पाणी ती भरून देत नाही. आधी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. रक्त पडत असेल किंवा लेकरू मलूल झालं असेल तर थेट दवाखाना. रोजच्या गोळ्या चालू असतील तर या चिकट पाण्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदर बाईला तर वैद्याला विचारल्याशिवाय नकोच.

सगळ्यात मोठी चूक होते ती जंगलात. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडं उतरतं. बुंध्याची साल गोल फिरवून काढली की मुळं उपाशी, झाड उभ्या उभ्या वाळतं. अगरबत्तीचा मसाला काडीला धरून राहावा म्हणूनही हीच पूड लागते, त्यामुळं या झाडाच्या मागं आपण एकटे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि वापरायचा अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला. अशा गावी ग्रामसभेला विचारून, छाटलेल्या फांदीची साल घ्यावी. एका घोट्याला मूठभर पूड पुरते.